माडाच्या मुळाशी

आमच्या इन्सुलीत घरचा कुत्रा गेला की त्याला माडाच्या मुळाशी पुरतात. मांजरालाही तीच जागा. मोत्या महामार्गावर ट्रकखाली सापडला, तेव्हा मी सातवीत होतो. आजोबांनी पारय घेऊन परड्याच्या कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा काढला, मोत्याला जुन्या पंच्यात गुंडाळून आत ठेवलं, वर मूठभर मीठ टाकलं. माती लोटून झाल्यावर म्हणाले, "वर काट्ये घाल रे, नायतर कोलो उकरतलो." मी करवंदीच्या काट्या घातल्या, वर एक चिरा ठेवला आणि खिळ्याने त्यावर 'मोत्या' असं कोरलं.

जांभा कोरायला सोपा, तसाच झिजायलाही. चार-पाच पावसाळ्यांत अक्षरं पुसट झाली. आजोबा गेले. मागच्या वर्षी परड्याचा गडगा ढासळला म्हणून गडी लावले, तर संध्याकाळी चिरा जागेवर नव्हता. इतर दगडांबरोबर तोही गडग्यात बसला होता. त्या गड्यांना दोष कसा देणार? तो नुसता दगड नाही, हे त्यांना सांगायला कुणी उभंच नव्हतं.

थडगं असंच नाहीसं होतं. कुणी मुद्दाम मोडावं लागत नाही. ते कुणाचं हे सांगणारा माणूस उरला नाही की पुरे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी तळावर हेच शेकड्यांनी झालं. १९५० च्या दशकापासून तिथल्या सैनिकांच्या कुटुंबांनी आपली जनावरं एका लहानशा तुकड्यात पुरली. कुत्री, मांजरं, पोपट, हॅमस्टर, अगदी सरडेसुद्धा, अशी चारशेच्या वर थडगी आहेत. बऱ्याच फळ्या सैनिकी थडग्यांच्या धर्तीवर केलेल्या, मालकाच्या हुद्द्यासकट. पण लष्करातली नोकरी बदलीची. माणसं पुढच्या तळावर गेली आणि थडगी मागे राहिली. १९९४ मध्ये तळ लष्कराकडून राष्ट्रीय उद्यान विभागाकडे गेला. फळ्या कुजल्या, गवत माजलं, डोक्यावरून मोठ्या रस्त्याचा पूल गेलेला. तो पाडून नवा रस्ता झाला तेव्हा कुंपण घालून एवढा तुकडा वाचवला आणि पुढे स्वयंसेवकांनी, त्यात माजी सैनिकांनी, तो पुन्हा उभा केला. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, नौदलातल्या एका माणसाने स्वतःचं नाव न सांगता फळ्यांना रंग दिला होता, असं तिथे सांगतात. तिथे त्याचं स्वतःचं जनावर पुरलेलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

अशा जागेचं काम म्हणजे गवत काढून चुना फासणं नव्हे. खरं काम हात लावण्याआधी सुरू होतं. प्रत्येक दगडाचा फोटो घ्यायचा, कुठला दगड कुठे होता त्याचा नकाशा काढायचा आणि अक्षरं वाचायची. पुसट अक्षरं भर दुपारी दिसत नाहीत. उन्हं कलल्यावर किंवा बाजूने आडवी बॅटरी धरल्यावर खाचांत सावली पडते आणि नाव वर येतं. मी मोत्याचा चिरा गडग्यात असाच शोधला. रात्री बॅटरी लावून दगडामागून दगड बघत गेलो. शेवटी एका चिऱ्यावर 'त्या'चा काना आणि अर्धा 'म' उमटला.

शेवाळ काढायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, फक्त वेळ लागतो. तारेचा ब्रश शेवाळाबरोबर अक्षरही खरवडून नेतो. संगमरवरावर फरशीचं ॲसिड तर कधीच घालू नये, कारण संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. ॲसिडने तो फसफसतो आणि विरघळतो. भेगेत सिमेंट भरण्याची आपल्याकडे फार हौस आहे, पण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती मग शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते आणि दोन पावसाळ्यांत दगडाचाच पापुद्रा निघतो. जुन्या बांधकामाला चुनाच बरा. फटीतलं वडाचं मूळ ओढून काढलं तर दगड उलतो, म्हणून ते कापून तिथेच मरू द्यावं. आणि ऑइलपेंटचा डबा घरीच ठेवावा. फळीवर नाव चुकीचं लिहिलेलं असलं तर तेही तसंच राहू द्यावं. ज्या हाताने ते लिहिलं, त्याची तेवढीच खूण उरलेली असते.

जनावराचा दगड जपायचा हे काही साहेबांकडून शिकलेलं नाही. कर्नाटकात मंड्याजवळ आतकूर इथला राष्ट्रकूट काळातला शिलालेख इ. स. ९४९-५० चा. राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग यांच्या काळातली ही गोष्ट. मनलर नावाच्या वीराने लढाईत पराक्रम केला. बुतुगाने बक्षीस विचारलं, तर त्याने राजाची 'काली' नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे काली एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. मनलराने तिच्या नावे दगड उभा केला. कुत्री आणि डुक्कर त्यावर आजही भिडलेले दिसतात. मला या लेखातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. दगडासाठी जमीन लावून दिली आणि देवळाच्या गोरवाला, म्हणजे पुजाऱ्याला, बजावलं की या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवशील तर पाप लागेल. मनलराने दगड उभा करतानाच त्याचा राखणदार नेमला. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, दगड आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे, आणि कालीचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा आहे. महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून स्वतःची पगडी चढवली, त्याला पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिलं आहे. माहुली म्हणजे कृष्णा-वेण्णेचा संगम. पूर येतो, गाळ बसतो, झुडपं माजतात. तिथे एकदा साफसफाई करून भागत नाही, दर पावसाळ्यानंतर पुन्हा उतरावं लागतं. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरून वाद झाले, कारण समकालीन कागदांत त्याचा उल्लेख सापडत नाही. त्या वादात मी इथे शिरत नाही.

पॅरिसलगत आस्निएरची जनावरांची दफनभूमी १८९९ ची. आदल्या वर्षी तिथे कायदा झाला होता की मेलेलं जनावर घरांपासून शंभर मीटर दूर, निदान एक मीटर मातीखाली पुरावं. त्याआधी लोक सेन नदीत टाकून मोकळे होत. १९८७ मध्ये ही दफनभूमी बंद करायचं ठरलं, तर लोकांनी ओरड करून वाचवली. तिथे एका भटक्या कुत्र्याचाही दगड आहे. मे १९५८ मध्ये तो दफनभूमीच्या दारातच मेला. तिथलं ते चाळीस हजारावं जनावर होतं. त्याला मालक नव्हता, तर दफनभूमीनेच त्याचा दगड केला.

इन्सुलीत अजून परडी आहेत, पण सावंतवाडीत किंवा बांद्यात ब्लॉकमध्ये राहणाऱ्याने कुत्रा कुठे पुरावा? मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली. शहराला ते हवंच होतं. आपल्या गावांना मात्र दाहिनीइतका खर्च नको. विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब, पाणी न साचणारी चार-पाच गुंठे गावठाणाची जागा, तिला गडगा, आणि पंचायतीत एक वही, एवढं पुरेल. कुणाचं जनावर, नाव काय, कधी गेलं, कुठल्या रांगेत, हे वहीत असलं की दगड झिजला तरी चालतो. पिसाळलेलं किंवा संशयित जनावर असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरला कळवावं, त्याला उघड्या हातांनी शिवू नये. इंजेक्शन देऊन शांत केलेलं जनावर खोलच पुरावं. त्या औषधाचा अंश मांसात राहतो आणि उकरून खाणारा कोल्हाही त्याने मरतो.

गडग्यातून मोत्याचा चिरा काढताना वरचे चार दगड उतरवावे लागले. ते पुन्हा रचले, चिरा माडापाशी नेला, पाण्याने धुतला. अक्षरं नव्याने कोरायचा मोह झाला होता, पण खिळा लावला नाही. धाकट्या पुतणीने विचारलं, "हयसर कोण आसा?" तिला सांगितलं. मग तिने मला विचारून शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं: मोत्या, कोपऱ्यातला माड, गडग्यापासून सहा पावलं.