टायरची जन्मतारीख

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडे लेख मागितला की लसीकरण, पोषण किंवा मुलांचा हट्ट यांपैकी काहीतरी हाती पडणार, असे संपादक मंडळाने गृहीत धरलेले असते. या खेपेस थोडे विषयांतर करण्याची अनुमती मी मागून घेतली आहे. विषय आहे मोटारसायकलचे जुने टायर कधी बदलावेत हा. तो आपल्या व्यवसायाला वाटतो तितका परका नाही. बेळगावात माझ्याकडे खानापूर, चंदगड, बैलहोंगल या बाजूंनी येणारी बरीचशी मुले मोटारसायकलवरूनच येतात. एक पुढे टाकीवर, दुसरे आईच्या मांडीवर. (कायदा चालकामागे एकालाच बसू देतो, पण तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या आईबापांना त्या क्षणी तो ऐकवण्यात अर्थ नसतो.) त्या साऱ्या कुटुंबाचा भार रस्त्यावर टेकतो तो दोनच ठिकाणी, आणि ते प्रत्येक ठिकाण तळहाताहून मोठे नसते. त्यामुळे दवाखान्यासमोर लावलेल्या गाड्यांचे टायर जाता-येता न्याहाळण्याची मला सवयच जडली आहे.

टायर दोन प्रकारे निकामी होतो; झिजून आणि म्हातारा होऊन. पहिला प्रकार सर्वांना ठाऊक आहे. नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे बारीक उंचवटे असतात. टायरच्या बाजूवर जेथे 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा छोटासा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे काम संपले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर, तर मोटारींसाठी १.६ मिलिमीटर इतकी किमान खोली सांगितली आहे. ही झाली नियमाची मर्यादा. खाचांचे खरे काम पाणी बाजूला सारण्याचे असल्याने, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाला सामोरे जाताना दीड मिलिमीटरच्या आत आलेला टायर मी तरी ठेवणार नाही. गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा कोरून देणारे कारागीर अजूनही रस्त्याकडेला भेटतात. त्यांनी नक्षी परत येत नाही. होते ते एवढेच की उरलेसुरले रबर कापले जाऊन आतील धाग्यांचा थर उघडा पडण्याच्या बेतास येतो.

खरा फसवा आहे तो दुसरा प्रकार. नक्षी भरगच्च, गाडी फारशी न वापरलेली, आणि टायर मात्र अकरा वर्षांचा. आपल्या वैद्यकीय मंडळींच्या घरी अशा गाड्या पुष्कळ आढळतात. मोटार आल्यावर मोटारसायकल मागच्या पडवीत जाते आणि मुलगा सुट्टीत घरी आला की तिला किक मारून थेट जांबोटीच्या रस्त्याने चोर्ला घाटाकडे निघतो.

टायरवर त्याची जन्मतारीख छापलेली असते, हे अनेकांना सांगूनही खरे वाटत नाही. बाजूवरील अक्षरांच्या गर्दीत चार आकड्यांचा एक गट, बहुधा एका लंबगोलात, कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा आरंभ. हा गट कधी टायरच्या एकाच बाजूला असतो. एका बाजूस दिसला नाही तर दुसरीकडे वाकून पाहावे.

परंतु जन्मतारीख कळली म्हणजे वय कळले असे नाही, हे बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगावे लागत नाही. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून आपण अस्थिवय ठरवतो आणि ते दाखल्यावरील वयाशी जुळतेच असे नाही. त्याहून जवळचे उदाहरण पोलिओच्या लशीचे. कुपीवर मुदतीची तारीख असतेच, पण शेजारी व्हीव्हीएमचा तो छोटा चौकोनही असतो. कुपीने आजवर किती उष्णता सोसली, हे त्याच्या रंगावरून कळते. चौकोन गडद झाला की मुदत शिल्लक असली तरी कुपी बाद. टायरला तारीख आहे, असा चौकोन मात्र नाही. त्याने सोसलेल्या उन्हाळ्यांचा हिशेब आपणच ठेवायचा.

उष्णतेला एवढे महत्त्व का, ते थोडक्यात सांगतो. रबराचे लांबलचक रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांस जोडले म्हणजे त्याला बळ आणि लवचीकता येते. काळाच्या ओघात हवेतला प्राणवायू या जाळ्यात शिरून नवे पूल बांधतो, जुने तोडतो, आणि रबर कडक होत जाते. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही, विशेषतः ओल्या डांबरावर. रासायनिक क्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी चढले की साधारण दुप्पट होतो, हा आपण महाविद्यालयात शिकलेला ठोकताळा येथेही लागू पडतो. त्यात ओझोनची भर. तो रेणूंमधील दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबरावर बारीक भेगा पाडतो. यावर उपाय म्हणून टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबते, सुटते, तसतशी ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी असली की हे संरक्षण मंदावते. म्हणजे न वापरलेला टायर 'नवाच' आहे ही समजूत नेमकी उलटी आहे.

यात एक गोष्ट मला सर्वांत चिंतेची वाटते. मागचा टायर इंजिनाची ओढ आणि भार घेतो म्हणून लवकर झिजतो व वेळच्या वेळी बदलला जातो. पुढच्याची नक्षी शाबूत दिसते. म्हणून मागचे दोन टायर बदलून झाले तरी पुढे गाडीबरोबर आलेलाच चालू असतो. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकतो आणि गाडी थांबवण्याचे मुख्य काम त्यालाच करावे लागते. मागचे चाक घसरले तर सावरायला क्षणभर तरी मिळतो. पुढचे घसरले तर बहुधा तोही नाही.

टायर बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी, आणि दिसायला कितीही चांगला असला तरी दहा वर्षांपुढे टायर ठेवू नये. बाहेर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी स्वतः सहा-सात वर्षांवर थांबतो. हे माझे मत. अनाठायी खर्च वाटला तर सोडून द्यावे.

तपासणी घरीही होते. टायर सकाळच्या उजेडात, पुसून, पॉलिश न लावता पाहावा. पॉलिशने भेगा झाकल्या जातात. अंगठ्याचे नख दाबल्यावर रबर नव्या टायरसारखे दबत नसेल तर ते कडक झाले. वरवरच्या केसासारख्या रेषा लक्ष ठेवण्यापुरत्या. पण खाचांच्या तळाशी किंवा रिमच्या कडेजवळ खोल तडे असतील तर वाट पाहू नये. बाजूला आलेला फुगवटा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण. धागाच दिसू लागला असेल तर गाडी तेथेच उभी करावी.

नवा टायर बसवण्यापूर्वी त्याचीही तारीख वाचावी. शहरातल्या एका दुकानात मला चार वर्षांपूर्वीचा टायर 'नवा माल' म्हणून दाखवण्यात आला होता. आकडे वाचून दाखवल्यावर आतून त्याच वर्षीचा निघाला. ट्यूब असलेल्या चाकात टायरबरोबर ट्यूबही नवी घालावी आणि फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून घ्यावा. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेताने चालवावे आणि तेवढे दिवस मुलांना मागे घेऊ नये.

जाता जाता रंजक म्हणून सांगतो, हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतले होते, पण तो व्यवहारात रुजवला बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने. त्याचा पहिला टायर १८८७ साली त्याच्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तयार झाला.

राहता राहिला काढलेला टायर. तो दुकानदाराकडेच सोडून यावा. घरी आणलाच तर छपराखाली ठेवावा, किंवा पाणी साचणार नाही अशी छिद्रे पाडावीत. एडिस डासाची अंडी कोरड्या टायरमध्येही काही महिने तग धरतात आणि पहिल्या पावसाच्या पाण्यात फुटतात. डेंग्यूचे मूल दाखल झाले की मी घराभोवतीची चौकशी करतो; पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेला टायर त्यात पुष्कळदा निघतो.