घसरणीतील शिस्त

मोटारीचे तोंड वळणाच्या आतल्या बाजूला, पुढची चाके मात्र बाहेरच्या दिशेला वळलेली आणि मागच्या टायरांतून उसळणारे पांढऱ्या धुराचे लोट! ड्रिफ्टिंगच्या स्पर्धेतील छायाचित्र प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, की पुढच्याच क्षणी ही गाडी भिंतीवर आदळणार. प्रत्यक्षात ती घसरत असते चालकाच्या इच्छेने, त्याने आखलेल्या मार्गावरून.

या कलेची जन्मभूमी जपान. १९६१ साली मोटारसायकलची ग्रां प्री जिंकणारे पहिले जपानी स्वार कुनिमित्सु ताकाहाशी पुढे मोटार शर्यतींकडे वळले. वळणावर वेग कमी न करता गाडी मुद्दाम घसरवत नेण्याची त्यांची शैली सत्तरच्या दशकात गाजली. ती पाहून भारावलेला एक तरुण, केइची त्सुचिया, डोंगरातील नागमोडी रस्त्यांवर तिचा सराव करू लागला. १९८७ मध्ये ‘प्लस्पी’ या चित्रफितीने त्याचे हे कौशल्य घराघरांत पोहोचवले. पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून तो जगभर ओळखला गेला. १९९५ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ताकाहाशी, त्सुचिया आणि अकिरा ईदा या तिघांनी होंडा एनएसएक्स चालवून आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. ज्याला पाहून शिकलो, त्याच्याच खांद्याला खांदा लावून जिंकण्याचे भाग्य विरळाच. ताकाहाशी यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

डोंगररस्त्यांवरील हा छंद बंदिस्त ट्रॅकवर आणण्यात त्सुचिया यांच्यासमवेत ‘ऑप्शन’ या मोटार मासिकाचे दाइजिरो इनादा यांचा मोठा वाटा होता. त्यातूनच २००१ साली ‘डी-१ ग्रां प्री’ ही व्यावसायिक मालिका आकाराला आली. २००४ मध्ये अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ सुरू झाली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने टोकियोत पहिली आंतरखंडीय स्पर्धा भरवली.

येथे प्रथम कोण पोहोचले, याला महत्त्व नाही. वेग, घसरणीचा कोन, मार्गाची अचूकता आणि शैली यांवर परीक्षक गुण देतात. खरी कसोटी लागते ती जोडीच्या फेरीत. पुढची गाडी मार्ग आखते; मागच्या चालकाने तिचा कोन साधत, तिला न धडकता, शक्य तितके जवळ राहायचे असते. मग भूमिका बदलतात. धुरामुळे समोरचे धूसर झालेले असताना, पुढचा चालक चुकणार नाही, या विश्वासावरच मागचा चालक गाडी झोकून देतो. फुकुशिमा प्रांतातील एबिसू सर्किटवर तर शेवटच्या वळणाजवळ गाड्या क्षणभर हवेत उडतात आणि काँक्रीटच्या भिंतीलगत घसरत जातात. प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो, तो याच क्षणी.

हा थरार छायाचित्रात पकडणे हीदेखील साधनाच आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रात चाके थिजल्यासारखी दिसतात आणि गाडी जणू उभी असल्याचा भास होतो. म्हणून जाणकार छायाचित्रकार शटरचा वेग साठाव्या भागापर्यंत उतरवतात आणि गाडीच्या गतीबरोबर कॅमेराही फिरवत नेतात. गाडी स्पष्ट उमटते, पार्श्वभूमी रेषारेषांत विरघळते. शंभर चित्रांतून चार-दोनच मनासारखी साधतात. परंतु जळत्या रबराचा उग्र दर्प आणि इंजिनांचा कर्णकर्कश आवाज कोणत्याही चित्रात मावत नाही. त्यासाठी मैदानातच उभे राहावे लागते.

अशी चित्रे पाहून आपल्याकडील काही तरुणांना रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर हाच प्रयोग करण्याचा मोह होतो. चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा विसरल्या जातात. स्पर्धेतील चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, आसनाभोवती पोलादी पिंजरा असतो, ट्रॅकलगत बचावपथक सज्ज असते आणि समोरून कोणी येणार नाही, याची खात्री असते. रस्त्यावर यांपैकी काहीही नसते. असतो तो कामावरून घरी परतणारा एखादा सायकलस्वार. शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. वाहन विम्याच्या प्रचलित अटींतही शर्यतीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. म्हणजे कर्ज काढून घेतलेली गाडी अशा प्रसंगी मोडली, तरी हप्ते मात्र सुरूच राहतात.

त्सुचिया यांनीही डोंगररस्त्यावरील खेळ ट्रॅकवर आणला आणि पुढे परीक्षकाच्या आसनावरून नव्या पिढीला पारखले. घसरणे कोणालाही जमते. ठरवल्या जागी सावरणे ज्याला जमते, त्यालाच मैदान गुण देते.