विपणनाची पदवी : शिक्षण आणि संधी

अजिंठ्याची लेणी पाहावयास येणाऱ्या प्रवाशाचे वाहन फर्दापूरच्या तिठ्यावर थांबते. पुढील सुमारे 4 किलोमीटरचा प्रवास राज्य परिवहन महामंडळाच्या बसने करावयाचा असतो आणि बसकडे जाणारी वाट दुकानांच्या रांगांमधून जाते. माळा, मूर्ती, चित्रपुस्तिका आणि दगडाच्या पोटातील चमकदार स्फटिक घेऊन विक्रेते प्रवाशाभोवती गोळा होतात. त्यांच्या चिकाटीत काही उणे नसते. तरीही घासाघीस होऊन किंमत उतरत जाते. विक्री आणि विपणन यांतील भेद समजून घेण्यास याहून सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार होणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. असा संग्राहक स्फटिकाबरोबर खनिजाचे अचूक नाव व तो सापडल्याचे ठिकाणही मागतो. ही चिठ्ठी नसेल तर नमुना त्याच्या दृष्टीने अपुरा ठरतो. तिठ्यावर मात्र तोच स्फटिक ‘चमकता दगड’ म्हणून घाईच्या प्रवाशापुढे धरला जातो. ग्राहक कोण, त्याची गरज कोणती, माल कोणत्या रूपात, कोणत्या किमतीस व कोणत्या मार्गाने त्याच्यापर्यंत न्यावा, याचा विचार आधी करणे म्हणजे विपणन. विक्री हा त्याचा केवळ शेवटचा टप्पा होय.

पणनाची जुनी ओळख

ग्रामीण वाचकास ‘पणन’ हा शब्द नवा नाही. बाजार समित्यांचा 1963 चा कायदा आणि 1984 मध्ये स्थापन झालेले कृषी पणन मंडळ यांमुळे तो गावोगाव पोहोचला आहे. कापसाबाबत तर 1972 मध्ये एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यापासून दीर्घकाळ खरेदीदार एकच होता. ग्राहक शोधण्याचा प्रश्नच शेतकऱ्यापुढे नव्हता. पुढे ती मक्तेदारी संपुष्टात आली आणि सोयगाव तालुक्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या भागात तो प्रश्न दारात येऊन उभा राहिला. या शिक्षणाची गरज शहराइतकीच खेड्यासही आहे, ती यामुळेच.

अभ्यासक्रम

पदवी स्तरावर विपणनाचे शिक्षण सामान्यतः दोन मार्गांनी मिळते. बी. कॉम.मध्ये तो एक विषय असतो, बी. बी. ए.मध्ये व्यवस्थापनाच्या मूलभूत विषयांनंतर विपणनाचे विशेष अध्ययन करता येते. ज्यांचा ओढा शेतीकडे आहे त्यांच्यासाठी कृषी विद्यापीठांतर्गत कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हा तिसरा आणि काहीसा दुर्लक्षित मार्ग आहे. ग्राहकवर्तन, बाजार संशोधन, वितरण, जाहिरात, किंमतनिर्धारण व संगणकीय माध्यमांतील विपणन हे विषय तर असतातच. शिवाय लेखाकर्म व संख्याशास्त्रही असते. बोलका मुलगा आहे, गणिताचा कंटाळा आहे, म्हणून त्यास विपणनास घालावे, हा पालकांचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो. शिक्षकांनी ही गोष्ट बारावीपूर्वीच स्पष्ट करणे इष्ट होय.

बी. बी. ए. हा अभ्यासक्रम 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असून राज्यात त्यासाठी 2024 पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यात येऊ लागली. अभ्यासक्रमांची नावे पुष्कळ व एकमेकांसारखी असतात. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी परिषदेची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता आणि पदवीपत्रावर छापले जाणारे नेमके नाव, या तीन बाबी पाहून घ्याव्यात. फर्दापूरचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगर येथील असले, तरी जळगावचे विद्यापीठ अंतराने जवळ आहे. वसतिगृहाचा खर्च पाहता हाही विचार करावा लागतो.

नोकरीचे वास्तव

पदवीनंतर पहिली नोकरी बहुधा विक्री प्रतिनिधीची मिळते. फिरती, ठरवून दिलेले लक्ष्य आणि विक्रीवर अवलंबून असलेला वेतनाचा भाग, हे तिचे स्वरूप होय. व्यवस्थापकपदाची अपेक्षा ठेवून आलेला तरुण येथेच निराश होतो. मात्र बियाणे, खते, ठिबक संच, ट्रॅक्टर, विमा आणि बँका या क्षेत्रांत गावची बोली व शेतीचा हंगाम जाणणाऱ्या पदवीधरास जे स्थान आहे, ते शहरी उमेदवारास सहज मिळत नाही.

पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे असे क्षेत्र म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या. केंद्र शासनाने 2020 मध्ये 10,000 शेतकरी उत्पादक संघटना स्थापण्याची योजना सुरू केली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी कृषी, कृषी पणन, कृषी व्यवसाय व्यवस्थापन किंवा बी. बी. ए. या पदव्यांचा उल्लेख असून वेतनासाठी दरमहा 25,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य पहिली तीन वर्षे देण्याची तरतूद आहे. त्यानंतर हा खर्च कंपनीने स्वतःच्या उत्पन्नातून करावयाचा असतो. त्या तीन वर्षांत सभासदांच्या मिरचीस वा मक्यास स्थिर ग्राहक मिळवून देणारा अधिकारी असेल तर त्याचे पदही टिकते आणि कंपनीही. तसे न झाल्यास उत्पादकाला पुन्हा मिळेल त्या भावाने माल द्यावा लागतो.