सकाराचा शकार

सरकारी कचेरीत काम घेऊन जाणाऱ्या मनुष्याला दाराशी प्रथम शिपाई अडवतो. आत गेल्यावर त्याच्या अर्जाचा तपशील पाहिला जातो, अर्जावर तारखेचा शिक्का उमटतो, शिरस्तेदाराच्या मेजावर तो अर्ज यथावकाश मुक्काम करतो, आणि मग ज्याच्यापाशी वशिला अथवा कोणा थोराची शिफारस असेल त्याचे काम मार्गी लागते व ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसेल तो नशिबाला बोल लावीत घरी परततो. या दोन वाक्यांत शिपायापासून नशिबापर्यंत शकार असलेले जे सात परके शब्द आले ते सातही फारसीच्या द्वाराने मराठीत आलेले आहेत, आणि मौजेची गोष्ट अशी की, मराठीत ज्या ठिकाणी आज आपण शकार उच्चारतो त्या ठिकाणी मूळच्या सातही शब्दांत सकार होता. सिपाही, तफसील, सिक्का, सिरिश्ता, वसीला, सिफारिश आणि नसीब ही त्यांची मूळची रूपे हिंदी-उर्दूत अद्यापि थोड्याफार फरकाने ऐकू येतात. मशिदीतला शकार, मधला जकार गळाल्यावर, मस्जिदमधल्या सकाराचा, वकिलाच्या अशिलाचा शकार ‘असील’मधल्या सकाराचा, आणि खुद्द ‘फारशी’ हे त्या भाषेचे मराठी नावही ‘फारसी’चेच रूपांतर. माधवराव पटवर्धनांनी 1925 साली प्रसिद्ध केलेल्या कोशाला ‘फार्शी-मराठी कोश’ असे नाव दिले, तेव्हा मुखपृष्ठावरच या नियमाचे एक उदाहरण छापले गेले.

परभाषेतील शब्द अडाणी तोंडात सापडून ‘बिघडतात’ असे समजण्याची आपल्याकडे पूर्वापार चाल आहे, आणि ‘अपभ्रंश’ या संज्ञेतच पतनाची कल्पना गृहीत धरलेली आहे. परंतु बिघाडाचे लक्षण हे की तो कोठेही व कसाही होतो. वरच्या शब्दांची अवस्था तशी नाही. त्या सर्वांत सकारापुढे इकार अथवा ईकार आहे, आणि केवळ तेवढ्याच कारणाने सकाराचा शकार झालेला आहे. जेथे सकारापुढे अकार, आकार वा उकार आला, तेथे सरकार, साल, सुभा, वसूल, फसवणुकीच्या दाव्यातला फैसला, हे शब्द सकार जसाच्या तसा राखून आहेत. ‘हवस’ची मराठीत हौस झाली तेव्हा सकार टिकला, त्याच हौशीला ईकाराचा प्रत्यय लागताच तिचा शकार झाला. ‘हिसाब’ शब्दातील आकार एकाराकडे झुकला, आणि एकारही इकाराचाच भाऊबंद असल्यामुळे तेथे ‘हिशेब’ सिद्ध झाला. ‘स्याही’त सकाराला यकार चिकटलेला होता, तिची ‘शाई’ झाली.

याचे कारण मुखाच्या रचनेत आहे. इकार उच्चारावयाचा तर जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलावा लागतो. सकार दातांपाशी घासून निघतो. आणि सकारामागून लगेच इकार यावयाचा असेल तर जीभ पुढच्या वर्णाची तयारी आगाऊच करू लागते व दातांपाशी होणारे घर्षण टाळूशी होऊन शकार बाहेर पडतो. आपल्या प्राचीन वैयाकरणांनी इकार, चवर्ग, यकार व शकार यांना तालव्य म्हणून एका पंक्तीत बसवले, त्याचे मर्म हेच. फारसी लिपीत सकाराच्या उच्चाराची तीन निरनिराळी अक्षरे आहेत, आणि ‘नसीब’ व ‘सिपाही’ यांतील सकार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. परंतु मराठी कानाला त्या लेखनभेदाशी कर्तव्य नव्हते. त्याने पुढचा स्वर पाहिला आणि निकाल दिला.

हा निकाल फारसीसाठी नव्याने काढलेला नव्हता. संस्कृतात श, ष आणि स असे तीन ऊष्मवर्ण आहेत. महाराष्ट्री प्राकृतात त्या तिहींचा मिळून एक सकार उरला. (पूर्वेकडे मागधीत उलट प्रकार होऊन सगळेच शकार झाले, आणि ‘मृच्छकटिका’तील राजाच्या मेहुण्याला ‘शकार’ हे नावच त्याच्या या उच्चारावरून मिळाले असे सांगतात, बंगाली मनुष्याच्या तोंडी आजही शकाराचेच राज्य आहे.) महाराष्ट्रीचा हा एकमेव सकार मराठीकडे आला आणि मराठीने त्याची पुन्हा वाटणी केली, मात्र ही वाटणी संस्कृतातील मूळ हक्कांप्रमाणे न होता पुढच्या स्वराप्रमाणे झाली. त्यामुळे घरांची चमत्कारिक अदलाबदल झाली. संस्कृत शुष्क, श्वशुर व शाटी यांत शकार असता मराठीत सुका, सासरा व साडी झाली. उलट सीमा, सीव्यति व सिध्यति यांत सकार असता शीव, शिवणे व शिजणे झाले. शृंग आणि शृंखला हे दोन शब्द एकाच ‘शृं’ने आरंभ होतात, पण पहिल्यातील ऋकाराचा प्राकृतात इकार झाला म्हणून मराठीत शिंग आले, आणि दुसऱ्यातील ऋकाराचा अकार झाला म्हणून साखळी आली. दोन सख्ख्या भावंडांची ताटातूट इतक्या नेमस्तपणे झालेली क्वचितच पाहावयास मिळेल.

मराठीला सकार आणखी एका वाटेने मिळाला, आणि तो भाग मला सर्वांत मनोवेधक वाटतो. प्राकृतातील छकाराचाही मराठीत सकार होतो. हिंदीत पूछना तर मराठीत पुसणे, हिंदीत छोड़ना तर मराठीत सोडणे. छाल–साल, छुरी–सुरी, मछली–मासळी, छह–सहा ही जोडपी कोणालाही सहज जुळवता येतील. छायेची साउली व पुढे सावली झाली ती याच न्यायाने. आणि या दुसऱ्या वाटेने आलेल्या सकारालाही पहिला नियम चुकला नाही: संस्कृत क्षेत्राचे प्राकृतात छेत्त झाले, छकाराचा सकार होताच पुढे एकार उभा होता, म्हणून मराठीत शेत, मक्षिकेची मच्छिआ होऊन मराठीत माशी. यावरून असेही निघते की, मराठीत आज जेथे छकार दिसतो तेथे तो शब्द एक तर संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला असावा, जसे छत्र व छिद्र, किंवा शेजाऱ्यांकडून मागाहून आलेला असावा, जसे छावणी व छापा. शब्दाच्या अंगावरील एका अक्षरावरून त्याच्या आगमनाचा काळ ठरवण्याचे हे शास्त्र मराठीपुरते सविस्तर मांडले ते फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी, 1920 साली पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. त्यापूर्वी 1877 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईस दिलेल्या विल्सन व्याख्यानांनी या अभ्यासाचा पाया आपल्याकडे घातलेला होता.

कालनिर्णयाच्या दृष्टीने वरील फारसी शब्दांचे मोल मोठे आहे. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात समाप्त झाले, आणि त्यानंतरच्या राजवटींत फारसी कारभाराचे शब्द मराठीत लोटले. तेव्हा सिपाह्याचा शिपाई ज्या अर्थी झाला त्या अर्थी त्या काळीही हा नियम मराठी जिभेवर जागता होता. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि फारसी शब्दांऐवजी संस्कृत संज्ञा योजण्याचा उद्योग झाला. त्यातील काही संज्ञा रुजल्या, परंतु शिक्का आणि शिपाई हे आपल्या जागेवरून हलले नाहीत. एव्हाना त्यांच्या अंगावर मराठी उच्चाराचा पेहराव चढलेला होता, आणि त्यांना परके म्हणून ओळखावयाला पंडिताचीच दृष्टी लागत होती.

येथे कोणी चिकित्सक वाचक असा आक्षेप घेईल की, मग ‘तहसील’ची ‘तहशील’ सर्वत्र का नाही? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कारभाराच्या इतिहासात शोधले पाहिजे. मुंबई इलाख्यात जमाबंदीचा घटक तालुका होता व त्यावरचा अधिकारी मामलेदार. तहसील व तहसीलदार ही नावे नागपूर प्रांताकडील, म्हणजे जेथे दफ्तरावर हिंदी-उर्दूची छाया होती तेथील. तो शब्द मराठी जिभेवर चढण्याआधी छापील नमुन्यांवर चढला, असे मानावयास जागा आहे. याहून अवघड प्रकरण आहे ते उलट दिशेचे. ‘सिफारिश’मध्ये आरंभीच्या सकाराचा शकार झाला, तर अखेरच्या शकाराचा सकार होऊन ‘शिफारस’ बनली. ‘सिरिश्ता’चा ‘शिरस्ता’ होताना हीच उलटापालट झाली. गुमाश्त्याचा गुमास्ता आणि गश्तीची गस्त झाली. परंतु शहर, तमाशा व पेशवा यांनी आपला शकार सोडला नाही. सकाराचा शकार करताना मराठी जितकी कडक होती तितकी शकाराचा सकार करताना ती राहिली नव्हती, इतकेच फार तर म्हणता येईल.

अपवाद आला की नियम मोडीत काढावयाचा नसतो, त्याच्यामागे दुसरा नियम आहे काय ते पाहावयाचे असते, ही शिकवण युरोपातील भाषाशास्त्रज्ञांना ज्या प्रकरणात मिळाली त्यात साक्षीदार म्हणून आपला वेद उभा होता. याकोब ग्रिमने 1822 साली दाखवले की, संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतील तकाराच्या जागी जर्मानिक भाषांत ‘थ’सारखा घर्षकवर्ण येतो. पण हा हिशेब ‘भाऊ’ या शब्दात जुळे, ‘बाप’ व ‘आई’ यांत जुळत नसे. म्हणून आजच्या जर्मन भाषेतही भावाला ‘ब्रूडर’, पण बापाला ‘फाटर’ आणि आईला ‘मुटर’ म्हणतात. भ्राता, पिता, माता या तिहींत संस्कृतात एकच तकार असता हा पंक्तिप्रपंच का? अर्धशतक उलटल्यावर, 1877च्या सुमारास, कार्ल वेर्नर या डॅनिश विद्वानाने वैदिक स्वरांकडे बोट दाखवले. वेदात भ्राता शब्दाचा उदात्त पहिल्या अक्षरावर आहे. पिता व माता यांचा उदात्त अखेरच्या अक्षरावर आहे. ज्या तकाराच्या लगतपूर्वी उदात्त होता तो जर्मानिकमध्ये अघोष राहिला, ज्याच्या पूर्वी नव्हता तो घोष झाला. जर्मन भाषेतून तो मूळ आघात केव्हाच नाहीसा झालेला होता. आपल्याकडे मात्र वैदिकांनी तो स्वर मुखपरंपरेने, अर्थाची फारशी वास्तपुस्त न करता, अचूक राखला, आणि त्या पाठांतराच्या आधारावर राइनकाठच्या लोकांच्या कुटुंबवाचक शब्दांचा खटला निकालात निघाला. घनपाठ्यांच्या श्रमांचा असा उपयोग होईल हे त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

आपल्या सकाराकडे परत वळू. इंग्रजी शब्द आले तेव्हा शाळा शिकलेल्या मराठी मनुष्याने सिनेमा, सिमेंट व सिगारेट यांतील सकार राखला. शाळेबाहेरच्या मराठी मनुष्याने शिनेमा पाहिला, शिमिटाचे घर बांधले आणि शिग्रेट ओढली. पहिल्याने दुसऱ्याला हसावे असा संकेत आहे. पण शिपाई व शिक्का म्हणताना पहिला स्वतः जो नियम पाळतो, तोच दुसरा सर्वत्र पाळतो, इतकाच काय तो त्यांच्यात फरक. आणि भाषेच्या इतिहासाच्या कसोटीला लावल्यास दुसऱ्याचा उच्चार अधिक सुसंगत ठरतो. शिवाय शिकलेल्या मनुष्यालाही या नियमातून पुरती मोकळीक नाहीच. पैसा मोजणारा तो पैशाला जपतो, घसा बसला की घशात औषध घेतो, एक म्हैस विकून दोन म्हशी विकत आणतो. मात्र केस पिकले तर केसांना कलप लावतो, ‘केशांना’ नव्हे. कारण ‘पैशाला’ व ‘घशात’ या रूपांत पूर्वी सकारापुढे यकार होता, जो सकाराचा शकार करून त्यातच विरून गेला, आणि केसाच्या रूपांत तो कधी नव्हताच. हे कोणत्याही शाळेत शिकवलेले नसता पाच वर्षांचे पोरही त्यात चुकत नाही.

मुंबई बेटाची जेथे हद्द संपून साष्टीची लागे त्या वेशीवरच्या गावाला लोक शीव म्हणत. सीमेचा सकार ईकारामुळे शकार झाला होता आणि मकाराचा वकार झाला होता. युरोपीयांनी ते नाव रोमन लिपीत आपल्या कानाप्रमाणे लिहिले, इंग्रजांनी ते लेखन आपल्या वाचनाप्रमाणे उच्चारले, आणि ईकाराच्या जागी आकार येऊन ‘सायन’ तयार झाले. म्हणजे ज्या ईकाराने शकार आणला होता तो जाताच सकार पुन्हा हजर झाला. हा निव्वळ योगायोग आहे, मराठीच्या नियमाचा त्यात हात नाही. तरी रेल्वेच्या पाटीवर मराठी अक्षरांत शीव वाचून उतारू तिकीट मात्र सायनचे मागत आले आहेत.