गोदामाच्या आतील भिंतींस रंग कोणता द्यावा?

सेनगाव तालुक्यात खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा, आणि बागायतीत हळद ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. हा माल शेतातून आडत दुकानात, तेथून गोदामात किंवा डाळ मिलमध्ये जातो व कित्येकदा महिनोन्‌महिने भिंतींच्या आत राहतो. असे असूनही या इमारतींच्या आतील रंगाची निवड बहुधा शोभेच्या दृष्टीने होते. वास्तविक, ओल, कीड व धूळ यांपासून मालाचे रक्षण होणे हा रंग निवडण्याचा पहिला निकष होय.

प्रथम भिंत कोरडी आहे किंवा नाही हे पाहावे. सुमारे दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीस घट्ट लावून एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. त्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमल्यास भिंतीत ओल मुरलेली आहे असे समजावे. अशा भिंतीस कोणताही रंग टिकत नाही. गळके छत, फुटलेला पन्हाळ किंवा पायातून चढणारी ओल यांचा बंदोबस्त आधी करावा. नव्या सिमेंट गिलाव्यावर तेलरंग घाईने देऊ नये. गिलाव्यातील अल्कामुळे रंगातील तेलाचा साबण बनतो व रंग चिकट होऊन सुटतो. गिलावा किमान तीन महिने, शक्य तर एक संपूर्ण उन्हाळा, वाळू द्यावा.

धान्याच्या गोदामास चुन्याची सफेदी सर्वांत योग्य ठरते. ती स्वस्त असते, अंधाऱ्या जागेत उजेड वाढविते आणि भिंतीतील बाष्पास बाहेर पडू देते. विरजलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. एक किलो कळीच्या चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी घेऊन तो लोखंडी पिंपात थोडा थोडा टाकून विरजावा. या वेळी पाणी उकळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत. चुना डोळ्यात गेल्यास डोळा भरपूर पाण्याने धूत राहावे व विनाविलंब दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवशी चुना जाड कापडाने गाळून त्यात शिजविलेला डिंक मिसळावा. कित्येक ठिकाणी मीठ घालण्याची रीत आहे, परंतु मीठ हवेतील ओल ओढून घेते, म्हणून गोदामात ते टाळावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भिंत आधी पाण्याने भिजवून सकाळी किंवा सायंकाळी काम करावे. चुना फार लवकर वाळल्यास त्याची भुकटी होते.

हळदीच्या बाबतीत मात्र वेगळा विचार केला पाहिजे. हळद व चुना एकत्र आल्यास लाल रंग होतो, हे कुंकू करण्याच्या जुन्या रीतीवरून सर्वांस ठाऊक आहेच. ताज्या चुन्याची भुकटी ओलसर हवेत हळकुंडांवर पडल्यास ती डागाळतात, आणि हळदीचा भाव तर तिच्या रंगावरच ठरतो. म्हणून हळद ठेवण्याच्या किंवा पॉलिश करण्याच्या जागी धुता येण्याजोगा इमल्शन रंग द्यावा. चुनाच द्यावयाचा असेल तर तो पूर्णपणे मुरून हातास न लागेल इतका वेळ जाऊ द्यावा आणि थप्पी भिंतीपासून दीड ते दोन फूट दूर, लाकडी फळ्यांवर लावावी.

आडत दुकान व कचेरी यांची गरज निराळी असते. तेथे माणसांचे हात, पाठी व पोती भिंतीस घासतात. म्हणून जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत धुता येणारा, किंचित चकाकीचा रंग द्यावा व वर साधा इमल्शन किंवा डिस्टेंपर द्यावा. कोरड्या डिस्टेंपरची पूड हातास व कपड्यांस लागते, म्हणून माल हाताळण्याच्या जागी तो उपयोगी नाही. डाळ मिलमध्ये धूळ फार उडते. तेथे कोरड्या भिंतीवर चकचकीत तेलरंग दिल्यास धूळ सहज पुसून निघते. ओल्या भिंतीवर मात्र त्याच रंगास फोड येतात. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी आहे. डब्यावरील तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. जुना रंग खरवडताना माल बाहेर काढावा, तोंडास पट्टी बांधावी व पडलेली पूड ओल्या कापडाने टिपून घ्यावी.

रंगाने कीड मरते, हा समज चुकीचा आहे. सोंडे व भुंगेरे भेगांत दडतात, म्हणून रंगापूर्वी भेगा सिमेंटने बुजवाव्यात व कोपरे झाडून जुने धान्य काढून टाकावे. मॅलेथिऑनसारखी औषधे ताज्या चुन्यावर लवकर निष्प्रभ होतात. फवारणी करावयाची असल्यास कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

गोदाम रिकामे असताना, पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे. तसेच सोयाबीन १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचे साठवू नये, कारण ओला माल कोरड्या गोदामातही बुरसतो. सुकविलेला माल व कोरडी भिंत यांची जोड असेल, तरच रंगावर केलेला खर्च कारणी लागतो.