प्रत्येक जमेला एक नावे

मुलांच्या खेळांकडे मोठी माणसं जरा वरूनच पाहतात. पण आठवून पाहा. भोवऱ्याची आर किंचित तिरकी बसली की तो फिरताना थरथरायचा. मग दगडाने ठोकून ती सरळ करायची. पतंगाची कणी बोटभर खाली बांधली गेली की तो गोते खायचा. मग सोडून पुन्हा बांधायची. वस्तू विकत आणणं हा खेळाचा अर्धाच भाग. ती आपल्या हाताला, आपल्या अंगणाला लावून घेणं हा उरलेला अर्धा. हल्लीच्या मुलांच्या वाट्याला हा दुसरा अर्धा येत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. टेक्सासमध्ये मुलीकडे सहा महिने राहिलो, तेव्हा तो मला एका विजेवर चालणाऱ्या ट्रकमध्ये सापडला.

माझा नातू चौदा वर्षांचा. त्याच्याकडे रेडिओ कंट्रोलवर धावणारा, मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरणारा ट्रक आहे. खऱ्याच्या एकदशांश मापाचा, मागच्या दोन चाकांवर जोर घेणारा. दिसायला खेळणं, पण चारही चाकांना वेगळे, तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, गिअर, डिफरन्शियल, सगळं जागच्या जागी. या छंदाला इतिहासही आहे. जपानच्या टामिया कंपनीने 1980 च्या दशकात अशा गाड्या सुट्या भागांच्या रूपात मुलांच्या हाती दिल्या. 1984 साली अमेरिकेत ‘टीम असोसिएटेड’ची आरसी 10 आली आणि 1985 साली कॅलिफोर्नियात डेल मारला इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्हचा गट तिनेच जिंकला.

आमचा ट्रक मात्र जिंकण्याच्या जवळपासही नव्हता. सरळ पट्ट्यावर सुसाट. पण वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दाबला की मागची बाजू फेकली जाई आणि स्वारी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी. ओळीने तीन रविवार नातू शेवटचा आला. त्याने उपाय ठरवला होता: आणखी जोरदार मोटर. जावयांनीही ठरवला होता: ट्रक विकून टाकायचा. जेवणाच्या टेबलावर बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते आणि मुलगी दोघांच्या मधून मुकाट्याने पोळ्या वाढत होती.

मी म्हटलं, “मोटरचं नंतर बघू. आधी तुझी वही दाखव.”

“कसली वही, आजोबा?”

बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वहीवाचून सुचत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही आणली. पहिल्या पानावर ट्रक आहे तसा लिहून काढला. जमिनीपासून सांगाड्याची उंची 25 मिलिमीटर. चाकांचे माथे आतल्या बाजूला कलते, दोन अंश. मागच्या शॉकमधलं तेल, पुढची-मागची स्प्रिंग, बॅटरीची जागा, टायर. मग नियम ठरला. एका वेळी एकच बदल. बदल केला की पाच फेऱ्या, पाचही वेळा लिहायच्या. फायदा झाला नाही तर मळसूत्र होतं तिथे परत आणायचं आणि मगच पुढचा बदल.

पहिला बदल फुकटाचा होता. बॅटरी दोन सेंटिमीटर मागे सरकवली. मागच्या चाकांवर भार आला, माती पकडू लागली, गिरक्या निम्म्या झाल्या. नातू उड्या मारत आला. मी म्हटलं, “ही जमा झाली. नावे काय पडलं?” पुढच्याच फेरीत ते दिसलं. पुढची चाकं हलकी झाल्यामुळे ट्रक वळणात वळेना, बाहेरच जाऊ लागला. मग पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ केली. ज्या टोकाची स्प्रिंग मऊ, त्या टोकाला बहुधा पकड जास्त, हे तो त्या दिवशी शिकला. मागचं तेल थोडं दाट केलं तेव्हा उडीनंतर पोट आपटणं थांबलं. पण बारीक खडबडीत जागेवर चाकं उसळू लागली. हिशेब पुन्हा जुळवला.

नंतर स्लिपर क्लच. याचा चपलेशी काही संबंध नाही. चाकांना एकदम झटका बसू नये म्हणून गिअरजवळ बसवलेली ही घसरती चकती. तिची नट पाव फेरा सैल केली आणि निघताना चाकांनी माती उधळणं कमी झालं. मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक, म्हणजे पिनियन, 23 दात्यांचं होतं. ते 21 चं बसवलं. समोरच्या मोठ्या चाकाला 86 दाते. म्हणजे 3.74 चं प्रमाण 4.10 झालं. सरळ पट्ट्यावरचा वेग थोडा गेला. वळणातून उठाव आला आणि मोटर कमी तापू लागली. दोन गिअरमध्ये किती फट ठेवायची, तर कागदाची एक पट्टी मध्ये घालून दाबायचं, मळसूत्र आवळायचं आणि पट्टी काढून घ्यायची. हे मोजमाप कुठल्याही गावच्या मेकॅनिकला पटेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई ऑफिसातून आले ते थेट ट्रॅकवर. काही न बोलता त्यांनी माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेतलं. अंधार पडेपर्यंत बाप आकडे सांगत होता आणि मुलगा लिहीत होता.

आकडे काय म्हणाले? आधीची सर्वांत वेगवान फेरी 24 सेकंदांची. पण सर्वांत संथ 33 ची, सरासरी साडेअठ्ठावीस. आता सर्वांत वेगवान फेरी 25 ची, म्हणजे चक्क एक सेकंद जास्त. पण सर्वांत संथ 27 ची आणि सरासरी 26. पाच मिनिटांच्या शर्यतीत अकराऐवजी बारा फेऱ्या. त्या रविवारी आठ गाड्यांत तो चौथा आला, जुन्याच मोटरवर. लॉटरीपेक्षा रिकरिंग डिपॉझिट बरं, हे मी खातेदारांना आयुष्यभर सांगत आलो. नातवाला ते सांगावं लागलं नाही.

एका बाबतीत मात्र वडीलधाऱ्यांनी आपली नजर हलू देऊ नये. या गाड्यांत आता बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या असतात. एका सेलचा पूर्ण भार 4.2 व्होल्ट, त्यापुढे चार्ज केला किंवा सेलला भोक पडलं तर आग लागू शकते. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा हवा. चार्जिंग चालू असताना घर सोडायचं नाही, रात्री लावून झोपायचं नाही. सेल फुगलेला दिसला की तो बाद. घाटात पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. ती इथेही टांगावी.

अशा गाड्या आता आपल्याकडेही मिळतात. तुमच्या घरातलं एखादं मूल हट्ट धरून बसलं, तर किंमत पाहून दचकणं साहजिक आहे. घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपली ऐपत पाहून ठरवावं. पण घेतलीच, तर त्याच फेरीत कोपऱ्यावरच्या दुकानातून एक चाळीसपानी वहीही आणा. पहिल्या पानावर तारीख घालून ती मुलाच्या हातात द्या, आणि फेऱ्या मोजायला स्वतः ट्रॅकच्या कडेला उभे राहा.