वर्तमानपत्रात दाबलेली बाभूळ

हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाची, कपाटे उघडायला मे महिना चांगला. वर्ग सुटलेले असतात, नांदेडची हवा कडकडीत कोरडी असते आणि काढलेला गठ्ठा दिवसभर टेबलावर पसरून ठेवला तरी कागद दमट होत नाहीत. मृग लागला की हे काम जमत नाही. म्हणून दरवर्षी याच दिवसांत आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातले मामा आणि मी एकेक कपाट रिकामे करतो. मामा मऊ ब्रशने धूळ झाडतात, कसर किंवा वाळवी लागली आहे का पाहतात आणि डांबरगोळ्या बदलतात. मी लेबले वाचून रजिस्टरशी ताडून घेतो. दोघांच्याही हातात मोजे असतात, कारण जुन्या काळी कीड लागू नये म्हणून झाडे मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढत. ते विष पन्नास वर्षांनीही त्या पानांवर असते.

शीट म्हणजे साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरचा जाड पांढरा कागद. त्यावर दाबून वाळवलेले झाड चिकटवलेले किंवा दोऱ्याने टाचलेले असते आणि उजव्या हाताला खाली लेबल असते. वनस्पतीचे नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक एवढेच त्यावर लिहायचे. विद्यार्थ्यांचा सगळा जीव झाडात असतो. फूल नीट उलगडले का, पान दुमडले का, याची त्यांना काळजी. लेबल मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री, आठवेल तसे लिहिले जाते. मी त्यांना सांगतो की झाड थोडे मोडले तरी चालेल, पण तारीख आणि ठिकाण नसेल तर ते कागदाला चिकटवलेले वाळके गवत आहे.

यंदा तळाच्या खणात एक गठ्ठा सापडला. "सर, ह्याला लेबलच नाही की," मामा म्हणाले. झाडे वाळवताना ज्या वर्तमानपत्रात ठेवली होती, त्यातच ती राहून गेली होती. शीटवर कधी चढलीच नाहीत. मामांनी पेपर वेगळा करायला हात घातला, तेव्हा मी त्यांना थांबवले. पेपर 'मराठवाडा' दैनिकाचा होता, आणीबाणीच्या दिवसांतला. झाड त्या तारखेआधी दाबलेले असणे शक्य नाही, हे एवढे तरी त्या कागदाने सांगितले. आता तो पेपर झाडासोबतच ठेवला आहे.

मराठवाड्यात या कागदांची किंमत जास्त आहे, त्याला कारण आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोकण, देश, खानदेशातल्या वनस्पतींसाठी आजही तो उघडावा लागतो. पण नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, इलाख्याच्या हद्दीबाहेर. सरहद्द आखणाऱ्यांनी झाडे विचारात घेतली नव्हती, तरी ग्रंथ त्या सरहद्दीशी थांबला. ती पोकळी भरायला पुढची कित्येक दशके गेली. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्यावरचा ग्रंथ १९७९ साली आला आणि संपूर्ण मराठवाड्याचे दोन खंड १९९८ साली. माझ्या मते मराठवाड्यात विज्ञानाचे जे मोठे काम झाले, त्यात या दोन खंडांचे नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवे.

उस्मानाबादच्या त्या ग्रंथात लातूरही आहे, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. जुन्या लेबलांवर 'लातूर, जि. उस्मानाबाद' असेच लिहिलेले सापडते, आणि आता तर त्या जिल्ह्याचेही नाव धाराशिव झाले आहे. किल्लारी परिसरातल्या नोंदींचे त्याहून अवघड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि नंतर कित्येक गावे नव्या जागी वसली. त्याआधीच्या लेबलावर 'गावाच्या ओढ्याकाठी' असे असेल, तर तो ओढा जुन्या गावचा. नव्या गावात जाऊन ती वनस्पती शोधली आणि मिळाली नाही, तर ती नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही. म्हणून जुने शब्द खोडायचे नाहीत. शेजारी पेन्सिलीने टीप लिहायची.

नावांचाही तोच नियम. आपली साधी बाभूळ घ्या. कुकच्या ग्रंथात ती अकेशिया अरॅबिका, पुढे अकेशिया निलोटिका झाली. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहील असे ठरले आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. प्रत्येक वेळी नव्या नावाची चिठ्ठी जुन्या लेबलाशेजारी चिकटवायची, त्यावर नाव ठरवणाऱ्याची सही आणि वर्ष घालायचे. काटे आणि शेंग तीच. शेतकऱ्याच्या तोंडी ती बाभूळच राहिली, आणि लेबलावर सगळ्यांत कमी बदललेला शब्दही तोच.

कपाटाच्या वरच्या खणात विद्यार्थ्यांच्या वनस्पतिशास्त्र मंडळाच्या वह्या आहेत. उद्घाटनाचे वृत्तांत मी भरभर उलटतो, भाषणे सगळीकडे सारखीच. सहलींची पाने मात्र सावकाश वाचतो. माहूर, किनवटचे सागवान, सहस्रकुंड, लातूरकडे वडवळ नागनाथचे बेट. एस. टी. चे भाडे, मुलांची हजेरी, आणि मग दिसलेल्या झाडांची यादी, कुणा विद्यार्थिनीच्या गोल अक्षरात. पुण्यात १९५५ साली नोंदलेले गाजर गवत आपल्या रानात कधी पोचले, घाणेरी कुठवर शिरली, तळ्यातली कोणती वनस्पती कधीपासून दिसेनाशी झाली, हे आज कुणाला विचारायचे? ज्या यादीत ती नावे नाहीत ती यादी आणि ज्या यादीत पहिल्यांदा आली ती यादी, एवढाच पुरावा आहे. त्या मुलीला ठाऊकही नसेल की तिने पुरावा लिहिला.

एका महाविद्यालयात तपासणी समिती यायच्या आधी खोली मोकळी करायची म्हणून असे गठ्ठे मैदानात जाळले गेले. मी पोचलो तेव्हा राख उरली होती. आधी विषारी धूर झाला असणार, पण मला दुःख त्याचे नाही. त्या राखेत चाळीस पावसाळ्यांची मेहनत होती. आम्ही तेव्हापासून प्रत्येक शीटचा आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो, लेबल वाचता येईल असा, शेजारी मोजपट्टी ठेवून. यंदा सहा कपाटांपैकी दोन झाली.

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, किनवट, अहमदपूर इथे कुणी वनस्पतिशास्त्र शिकवले असेल, शिकले असेल, त्यांनी एकदा घरचा माळा पाहावा. जुनी फील्ड बुके, सहलीच्या वह्या, झाडे दाबायचा दोरीने बांधलेला प्रेस, त्यात राहिलेली झाडे, काहीही असेल तर रद्दीत देऊ नका. जवळच्या महाविद्यालयाच्या विभागात आणून द्या. आणि झाडाभोवतीचा पेपर काढू नका, तसाच आणा.